क्लुआनी सरोवराच्या काठी

व्हाइटहॉर्सहून पश्चिमेस निघालो तेव्हा आमच्या मनात इतिहासापेक्षा अस्वलेच अधिक होती, हे कबूल केले पाहिजे. मे महिना होता. तरी यूकॉनमधील सरोवरांवर अजून बर्फ होते.

कॅनडातील डॉसन क्रीकपासून अलास्कातील डेल्टा जंक्शनपर्यंत सुमारे २,२०० किलोमीटर जाणारा हा अलास्का महामार्ग युद्धाचे अपत्य होय. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अलास्काला खुश्कीच्या मार्गाने जोडण्याची निकड अमेरिकेस भासली. मार्च १९४२ मध्ये काम सुरू झाले. दहा हजारांहून अधिक सैनिक राबले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय असून त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवल्या होत्या. २५ ऑक्टोबर रोजी बीव्हर क्रीकनजीक दोन बाजूंनी झाडे पाडीत आलेले दोन बुलडोझर समोरासमोर ठाकले. एकावर कृष्णवर्णीय रिफाइन्स सिम्स होता, दुसऱ्यावर गोरा आल्फ्रेड जालुफ्का. पुढे कित्येक वर्षे या कृष्णवर्णीय पलटणींचा फारसा कोणी नामोल्लेख केला नाही. गर्स्टल नदीवरील पुलास त्यांच्या स्मरणार्थ नाव मिळाले ते १९९३ मध्ये!

२० नोव्हेंबर १९४२ रोजी रस्त्याचे उद्घाटन झाले ते क्लुआनी सरोवराकाठच्या ‘सोल्जर्स समिट’ येथे. तेथवर आम्ही पायी चढून गेलो. समोरच्या डोंगरउतारावर पांढरे ठिपके हलत होते. दुर्बिणीतून पाहता ती डॉल जातीची रानमेंढरे निघाली. एक अस्वलही दिसले, पण दूरवर.

ही जनावरे येथे टिकली त्याची कथा मात्र सरळ नाही. रस्त्याबरोबर बंदुका आल्या, बेसुमार शिकार होऊ लागली. म्हणून १९४३ मध्ये येथे अभयारण्य झाले. बंदी मात्र ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या याच रानावर पोट भरले त्या सदर्न टुशोनी लोकांवरही आली. शिवाय रस्त्याने आणलेल्या साथींनी मार्गावरील मूळ रहिवाशांच्या वस्त्या आधीच हादरल्या होत्या. अपराध पाहुण्यांचा, दंड यजमानांना! १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान राखून ठेवण्यात आले, १९७९ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. शँपेन व एशिहिक समाजाशी करार होण्यास १९९३ उजाडले, क्लुआनी समाजाशी २००३. आता उद्यानाच्या कारभारात त्यांचा वाटा आहे आणि आपल्या भूमीत ते पुन्हा शिकार करू शकतात.

खाली उतरताना आम्ही पुन्हा डोंगराकडे पाहिले. मेंढरे आणखी वर गेली होती.