शिवजयंतीची तारीख ज्या कागदांतून मिळाली, ती 'जेधे शकावली' काय आहे?

19 फेब्रुवारीला आपण सगळेच स्टेटस ठेवतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या तारखेवर एकमत नव्हतं. बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म 1627 चा धरला जायचा. मग 1916 मध्ये लोकमान्य टिळकांनी एक जुनी शकावली छापून उजेडात आणली. त्यात नोंद होती शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शिवनेरी. म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. पुढे 'शिवभारत' आणि राजस्थानात सापडलेली जन्मपत्रिका यांच्याशीही ती जुळली.

हे कागद आले कुठून? रावेतजवळून जाणारा बंगळूर हायवे पकडायचा, कात्रजचा बोगदा ओलांडून कापूरहोळला वळायचं, की भोर. तिथून पुढे रायरेश्वराच्या पायथ्याशी कारी हे गाव आहे. तिथल्या जेधे देशमुखांचं हे दफ्तर.

त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. शकावली म्हणजे तारीखवार टिपणं, 1618 ते 1697 पर्यंतची. करीना म्हणजे घराण्याची हकीकत. शकावली कोरडी आहे, एका ओळीत लढाई संपते. खरी गोष्ट करीन्यात आहे.

1659. अफझलखान स्वराज्यावर निघालेला. 16 जूनला विजापूरच्या अली आदिलशहाने कान्होजी जेध्यांच्या नावाने फर्मान काढलं: खानाच्या हुकमात राहा, शिवाजीचा बंदोबस्त करा. नाही म्हटलं तर देशमुखीचं वतन जाणार, हे उघड होतं. वतन म्हणजे नुसती जमीन नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क, मान, उत्पन्न, सगळंच. शेजारचे उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजी मात्र पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले. वतनाचं काय, असं महाराजांनी विचारल्यावर त्यांनी हातावर पाणी घेऊन वतनावर उदक सोडलं, असं करीना सांगतो. बायकामुलांना तळेगावला हलवलं गेलं. 10 नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान मारला गेला. जेध्यांची माणसं त्याच्या फौजेवर तुटून पडली.

अर्थात, ही जेध्यांनी सांगितलेली जेध्यांची गोष्ट आहे. खोपड्यांचा करीना असता तर कदाचित वेगळं वाचायला मिळालं असतं. शिवाय अशा दफ्तरांत शेत कसणारा कुणबी आणि घरातल्या बायका क्वचितच बोलतात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या यादवी युद्धाआधीच्या कागदांत गुलाम दिसतात ते यादीत, किमतीसकट. आपल्याकडेही पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदीच्या नोंदी आहेत. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण तेही त्याच दफ्तरांनी जपलंय.

रावेतमध्ये जुने वाडे पाडून टॉवर उभे राहतायत. एका मित्राच्या घरी सामान हलवताना आजोबांची ट्रंक उघडली, तर आत मोडीतले कागद! रद्दीवाला दारात उभाच होता. तुमच्याकडे असे कागद निघाले तर लॅमिनेशन अजिबात करू नका, चिकटपट्टीही लावू नका. कोरड्या जागी ठेवा, मोबाईलवर फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, 1910 पासून. सुरुवात तिथून करता येईल.