अननुभवी हातांची बाजू

कुणी अचानक कोसळले की भोवती कडे जमते आणि त्यातला जाणता माणूस बजावतो, ‘हात लावू नका, डॉक्टर येऊ द्या.’ हे मत तुच्छ लेखण्यासारखे नाही. छाती दाबणे हे वैद्यकाचे काम, अननुभवी माणूस बरगड्या मोडील, आणि हृदय चालू असलेल्याची छाती दाबली तर मदतच घातक ठरेल, असे त्याचे तीन आधार आहेत. तिन्ही प्रामाणिक आहेत. टिकणारा एकही नाही.

वैद्यकाचे काम? पूर्वी थांबलेले हृदय चालवायला छाती उघडावी लागे; तेव्हा ते शल्यचिकित्सकाचेच काम होते. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून कोवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, वरून दाबण्याची पद्धत मांडली. शस्त्र नको, दोन हात पुरेत, हेच तिचे मर्म. आणि या तिघांत त्या वेळी डॉक्टर होता एकटा ज्यूड. कोवेनहोवन तर विद्युत अभियंता! जी पद्धत घडवण्यात अभियंत्यांचा हात होता, ती वापरायला सामान्य माणूस अपात्र कसा?

बरगड्या मोडतात, हे खरे. पण त्या काही आठवड्यांत सांधतात. रक्त न पोचलेला मेंदू काही मिनिटांतच कायमचा निकामी होऊ लागतो. दर मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. वाचकांनीच तोलावे.

राहिला चालू हृदयाचा प्रश्न. अमेरिकेत सिएटल परिसरात, फोनवरच्या सूचनांनुसार छाती दाबल्या गेलेल्या, पण हृदय मुळात थांबलेलेच नव्हते अशा २४७ जणांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. दाबण्यामुळे झाली असावी अशी इजा सहा जणांत आढळली. आतल्या अवयवांना इजा एकालाही नाही. खरा धोका उलट्या चुकीत आहे. हृदय थांबल्यावरही काही वेळ आचके येतात, आणि त्यांना श्वास समजून भोवतालचे लोक स्वस्थ उभे राहतात.

अननुभवी हातांत दोष आहे, पण तो वेगळाच: इजेच्या भीतीने ते हलके दाबतात. प्रौढाच्या छातीच्या मध्यावर ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, असा जोर लागतो. १०८ला फोन करून लगेच सुरुवात करावी. दोनेक मिनिटांत दाबणारा दमतो; तेव्हा कड्यातल्या दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी.