रणगाडा जपला, लुना भंगारात: बेलापूर ते नगर, एका दिवसाची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी शंभर वेळा "म्हणजे" म्हणतो, ते जरा कमी केलंय. बाकी जसंच्या तसं.

आधी एक खुलासा. मी बेलापूरचा म्हटलं की ऑफिसात लोक विचारतात, "सीबीडी का?" नाही हो. आमचं बेलापूर प्रवरेच्या काठावरचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. त्यातही गंमत अशी की रेल्वेचं 'बेलापूर' स्टेशन आहे श्रीरामपूर शहरात. त्यामुळे आमचा पत्ता सांगताना पहिली पाच मिनिटं भूगोलातच जातात.

दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो. जुन्या मोटारसायकलींचं एखादं म्युझियम बघावं असं खूप दिवस डोक्यात होतं. जावा, राजदूत, जुनी बुलेट वगैरे. पण एका दिवसात जाऊन येण्यासारखं, जुन्या गाड्यांचं खात्रीचं ठिकाण म्हणजे नगरचं रणगाडा संग्रहालय. अण्णांना, म्हणजे वडिलांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "दोन चाकं बघायला निघाला होतास ना? रणगाड्याला कुठं चाकं असत्यात?" तरी आले. राहुरीमार्गे, कृषी विद्यापीठावरून नगर. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण अण्णांच्या तोंडी अजून नगरच.

संग्रहालय सोलापूर रोडला, फराहबागेजवळ आहे. नगरमध्ये लष्कराचं चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यांनीच हे उभं केलं. 1994 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते उद्घाटन झालं. उघड्या मैदानात रणगाडे ओळीनं उभे आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती गाडी, ब्रिटिशांचे व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपानी, अमेरिकन, रशियन. प्रत्येकासमोर पाटी. कुठं बनला, वजन किती, तोफ कसली.

1965 च्या युद्धातला पाकिस्तानचा पॅटनही आहे. असल उत्तरच्या लढाईत जीपवर बसवलेल्या तोफेनं असे पॅटन फोडणारे अब्दुल हमीद आपल्याला शाळेत भेटलेले असतात. पण समोर तो पॅटन उभा असतो ना, तेव्हा कळतं की जीप त्याच्यापुढे केवढीशी! पुस्तकात हे माप कळत नाही. म्हणून म्युझियम लागतं.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते 'विजयंता'पाशी. भारतात बनलेला हा पहिला मुख्य रणगाडा. पण डिझाइन मूळचं ब्रिटिश, व्हिकर्स कंपनीचं. परवाना घेऊन तो चेन्नईजवळच्या आवडी इथं बनायला लागला, 1965 मध्ये. आमच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याचा कोड रीतसर घेतला, आपल्या मशीनवर चालवला, आणि चालवता चालवता आपली माणसं शिकली.

आणि तिथंच मला क्लिक झालं. अगदी हीच गोष्ट याच शहरात, काही किलोमीटरवर, दौंड रोडला घडलेली आहे. फक्त ती रणगाड्याची नाही. ती लुनाची आहे.

बऱ्याच जणांना लुना माहीत असते, पण ती नगरची हे माहीत नसतं. फिरोदिया हे नगरचं घराणं. कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्यसैनिक, पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे चिरंजीव नवलमल यांनी स्वातंत्र्यानंतर लगेच ऑटोरिक्षा भारतात आणण्यासाठी खटपट केली. दुसरे चिरंजीव हस्तीमल, यांनी नगरला कायनेटिक इंजिनिअरिंग काढली. तिथून 1972 मध्ये लुना बाहेर पडली. 50 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि सायकलसारखं पॅडल. मूळ डिझाइन इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडचं. म्हणजे विजयंतासारखंच, बाहेरचं डिझाइन आणि आपला कारखाना.

तो काळ आठवा, म्हणजे घरच्या मोठ्यांना विचारा. स्कूटर हवी तर नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे सुद्धा सरकारी परवान्यावर ठरायचं. मोटारसायकल शेतकऱ्याला, मास्तराला परवडायची नाही. सायकल आणि स्कूटर यांच्यामध्ये एक मोठी मोकळी जागा होती. लुना बरोब्बर त्या जागेत बसली. पॅडल मारून चालू करायची, गिअर नाही, आणि पेट्रोल संपलं तर पॅडल मारतच घरी. पुढे पीयूष पांडे यांनी तिची जाहिरात लिहिली आणि ती घराघरात पोचली.

इटलीत ती चाओ म्हणजे एका माणसाची शहरातली हलकी गाडी. आपल्याकडे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. दोन माणसं बसणारी मोपेड म्हणून टीव्हीएस 50 आली ती 1980 मध्ये, पण दोन माणसं बसायला गावानं थोडीच कंपनीच्या परवानगीची वाट बघितली? दुधाच्या किटल्या, गवताचा भारा, पिठाचं पोतं, पुढं पाय ठेवायच्या जागेत उभं केलेलं पोरगं. गाडी वापरणाऱ्यांनी तिचं डिझाइन बदलून टाकलं. फक्त त्याची नोंद कुठल्या ड्रॉइंगमध्ये झाली नाही.

आमच्याकडेही एक होती. एमएच-17 पासिंगची, हिरवी. अण्णा पहाटे तिच्यावर दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून डेअरीत दूध घालायचे. तिच्यावरच आत्या वस्त्यांवर अंगणवाडीला जायची. गावात साडी नेसून गाडी चालवणाऱ्या पहिल्या काही बायकांत ती होती आणि लोक वळून बघायचे, हे ती आजही मोठ्या कौतुकानं सांगते. मी पाचवीपर्यंत त्या गाडीच्या पुढच्या जागेत उभा राहूनच जग बघितलं.

बीटेकला असताना एकदा फोनवर मी म्हणालो, "ती अडगळ कशाला ठेवलीय? काढून टाका." अण्णांनी काढून टाकली. भंगारवाल्यानं वजनावर नेली. मला तेव्हा काहीही वाटलं नाही, हे खरं सांगतो.

विजयंतासमोर अण्णांनी पाटी पूर्ण वाचली. मी त्यांना पियाजिओची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्याची पाटी लावली त्यांनी. आपल्या गाडीचं आरसी बुक तरी कुठंय कुणास ठाऊक."

त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. पण मला ते लागलं.

रणगाडे जपायलाच हवेत, त्यात वादच नाही. 1971 च्या बसंतरच्या लढाईत 21 वर्षांचे अरुण खेत्रपाल ज्या रणगाड्यात शहीद झाले, त्याचं 'फमागुस्टा' हे नाव आज माहीत आहे, कारण लष्करानं नोंद ठेवली. लष्कराकडे नोंद ठेवायची शिस्त आहे. दूध घालणाऱ्या माणसाकडे ती नसते. त्यामुळे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात लढाया सापडतात, पण पहाटे डेअरीपर्यंत दूध कसं पोचलं किंवा अंगणवाडीची बाई वस्तीवर कशी पोचली, ते सापडत नाही.

लुना गेली त्याला कारणं होती. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोल कमी पिणारी, तेल मिसळायची कटकट नाही. हळूहळू गावही तिकडं वळलं. 2024 मध्ये त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीनं ई-लुना आणली, बॅटरीवर चालणारी. नाव परत आलं, छान वाटलं. पण आमची हिरवी काही परत येणार नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मी मोबाइलचा रेकॉर्डर चालू केला आणि अण्णांना विचारत बसलो. गाडी कधी घेतली, पैसे कुठून आणले, किती लिटर दूध न्यायचात, पावसात कुठं अडकलात. पाऊण तास बोलले. इतकं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. पैसे आईच्या पाटल्या मोडून आले होते, हे मला त्या रात्री कळलं. आणि हीच गाडी मी अडगळ म्हणालो होतो.

तर मंडळी, नगरला जाणार असाल तर संग्रहालय जरूर बघा, वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. पण त्याआधी घरातल्या पहिल्या गाडीबद्दल मोठ्यांना विचारा. लुना असो, राजदूत असो, नाहीतर नुसती सायकल. आरसी बुक, पावती, फोटो असेल तर जपून ठेवा. काहीच नसेल तर आवाज रेकॉर्ड करा. त्याला खर्च काही नाही, मोबाइल तर हातातच असतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.