इस्राएल आळीतील प्रार्थनामंदिर

अलिबागच्या इस्राएल आळीत ‘मागेन अबोथ’ हे सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर, उभे आहे. ‘पूर्वजांची ढाल’ असा त्या हिब्रू नावाचा अर्थ. १८४८ साली ते बांधले गेले आणि १९१० साली त्याची पुनर्बांधणी झाली. देवळाचा इतिहास लिहिणारा सामान्यतः पायाच्या दगडापासून आरंभ करतो; पण येथे तसे केले तर खरी गोष्ट हातातून निसटते, असे मला वाटते.

बेने इस्राएलांची परंपरा अशी की, नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ही घटना केव्हाची, याविषयी विद्वानांत एकमत नाही. त्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे चालविले. ते घाणे शनिवारी बंद असत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. गावांवरून आडनावे पडली : नवगावकर, थळकर, किहीमकर, पेणकर.

मुंबईतले पहिले सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली उभारले. तोवर कित्येक शतके या समाजाला ना मंदिर होते, ना हिब्रू ग्रंथ. मग धर्म टिकला कोठे? माझे उत्तर असे, की तो घरात, चुलीपाशी टिकला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास वालाच्या बिरड्याने सुटे, म्हणून तो झाला ‘बिरड्याचा सण’. वर्षारंभ झाला ‘नव्याचा सण’. प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा झाला, तोही पोहे, गूळ आणि नारळाचा!

१९४८ नंतर कुटुंबामागून कुटुंब इस्रायलला गेले. येथे त्यांचा छळ कोणी केला नव्हता. पूर्वजांच्या भूमीची ओढ होती आणि पोटापाण्याची आशाही होती. आज अलिबागेत मोजकीच घरे उरली आहेत. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. एवढ्या थोड्या घरांतून ते जुळविणे सोपे नाही. पूर्वी घरे होती आणि मंदिर नव्हते. आता मंदिर आहे, घरे नाहीत.

वास्तू जपली पाहिजे, यात शंका नाही. पण ज्या मराठी शब्दांनी हा धर्म मंदिरावाचून तगविला, ते लोद, दिमोना, अश्दोद येथील वृद्धांच्या तोंडी आहेत. ते टिपून घेण्याचे काम माझ्या मते भिंतींच्या डागडुजीहून अधिक निकडीचे आहे; भिंत पुन्हा बांधता येते, १९१० साली बांधलीच होती.