आकाशगंगेचा अदृश्य गाभा

येरवड्याच्या कारागृहांत १९३२ सालीं गांधीजींना आकाशदर्शनाचा छंद जडला. १९३० मधील त्यांचे तेथील सहबंदी, साताऱ्याचे काकासाहेब कालेलकर, हे नक्षत्रांचे मोठे प्रेमी. लेडी ठाकरसी यांच्याकडून दुर्बिणी आल्या आणि तुरुंगाच्या अंगणांतून तारे न्याहाळले जाऊं लागले. त्याच वर्षीं अमेरिकेंत कार्ल जान्स्की नांवाचा तरुण अभियंता बिनतारी यंत्रांतील एका खरखरीचा माग काढीत होता. ती धनु राशीकडून, म्हणजे आकाशगंगेच्या मध्याकडून येते, ही वार्ता न्यूयॉर्कच्या पत्रांत ५ मे १९३३ रोजीं छापली गेली. तिसऱ्याच दिवशीं येरवड्यांत गांधीजींच्या एकवीस दिवसांच्या उपोषणास आरंभ झाला. त्या गडबडीत तारकांच्या खरखरीची दखल येथें कोण घेणार!

धनु राशि येरवड्याहून दक्षिणेस निम्म्या आकाशापर्यंत चढलेली दिसते. पण तुरुंगांतली असो वा वेधशाळेची, कोणतीहि साधी दुर्बीण या कामीं निरुपयोगीच. मध्यें धूळ इतकी दाट आहे कीं गाभ्यांतून निघालेल्या एक लाख कोटी प्रकाशकणांपैकीं जेमतेम एक आपणांपर्यंत पोंचतो. हा गाभा मूळ नक्षत्राच्या विभागांत पडतो, म्हणून प्राचीनांस हें रहस्य ठाऊक होतें असें कांहीं उत्साही लोक सांगतात. त्यांत नामसादृश्यापलीकडे अर्थ नाहीं.

धुळीला न जुमानणाऱ्या रेडिओलहरींनींच पुढची वाट दाखविली. स्टेशनांत शिरणाऱ्या आगगाडीची शिटी चढी वाटते, दूर जाणारीची उतरती. त्याच न्यायानें वायूच्या लहरीवरून त्याचा वेग कळतो. १९५७ मध्यें डच ज्योतिषी ऊर्ट व त्याचे सहकारी यांना हायड्रोजनचा एक पट्टा आपल्याकडे सेकंदाला ५३ किलोमीटर वेगानें येतांना आढळला, आणि तोहि गाभ्याच्या अगदीं समोर! केंद्राभोंवतीं वर्तुळांत फिरणारा वायु त्या रेषेवर ना जवळ येतो, ना दूर जातो. मग हा कोठला? १९७० सालीं अंतराळांत कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची लहर सांपडली. थंड हायड्रोजनरेणु जवळजवळ मुके असल्यामुळें या सोबत्याच्या वाणीनेंच त्यांचा ठाव घ्यावा लागतो. दोनच वर्षांत गाभ्याजवळ रेणुवायूचें एक पसरतें कडें दिसलें, आणि तेथें पूर्वीं प्रचंड स्फोट झाला असावा, असें अनेकांना वाटूं लागलें.

स्फोटाची कल्पना मोठी आकर्षक, पण १९९१ मध्यें बिनी, गेऱ्हार्ड प्रभृतींनीं ती निष्कारण ठरविली. मधला तारकासमूह वाटोळा नसून लाटण्यासारखा लांबट आहे, आणि त्याच्या ओढीनें वायूचे मार्गहि लांबट होतात. असे मार्ग एकमेकांस छेदतात तेथें मेघ मेघावर आदळतो, त्याचा फिरण्याचा जोर ओसरतो व तो आंतल्या लहान कक्षेंत घसरतो. स्फोटाचा म्हणून जो वेग मानला, तो या वांकड्या वाटेचाच होता. मोठ्या खळबळीसाठीं मोठेंच कारण शोधण्याची माणसाची खोड ज्योतिषांतहि सुटत नाहीं.

अशा रीतीनें सुमारें ६५० प्रकाशवर्षांच्या त्रिज्येंत तीन ते पांच कोटी सूर्यांइतका रेणुवायु सांचला आहे. इतक्या वायूंतून जितके तारे जन्मावेत त्याच्या दशांशच जन्मतात. तेथील वादळी खळबळ मेघांना आकुंचन पावूं देत नाहीं, असें बहुतेक मानतात. तरी वाद मिटलेला नाहीं. त्याच्याहि आंत ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचें कृष्णविवर आहे, आणि दाराशीं एवढी रास पडली असतां त्याच्या मुखीं आज फारच थोडा घास पडतो.