दिल्लीतल्या जुन्या मोटरसायकली आणि त्यांचे शॉकअप

मोटरसायकलच्या सस्पेन्शनमध्ये दोन कामे वेगवेगळी असतात. स्प्रिंग खड्ड्याचा हादरा सोसते आणि डॅम्पर त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर दिल्लीत ज्या लष्करी गाड्या नागरिकांच्या हाती आल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच गाड्यांना पहिले काम जमत होते, दुसरे जेमतेम. हार्ले-डेव्हिडसनला पुढे स्प्रिंगचा चिमटा होता, पण मागचे चाक थेट चासीत जखडलेले. मागचा दणका सीटखालच्या स्प्रिंगने घ्यायचा, उरलेला बसणाऱ्याने. बीएसए एम-20 ला पुढे गर्डर फोर्क होता. त्याची उसळी तेल नव्हे, तर एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या आवरत. या चकत्या कमीजास्त आवळायला बाजूला एक मूठ असे. रस्ता बदलला की ती मूठ हाताने पिळायची, एवढेच त्या काळचे ट्यूनिंग. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तेलाने आवरलेला टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने 1935 मध्येच बाजारात आणला होता. दिल्लीच्या रस्त्यांवर तो रुळायला पुढचा बराच काळ गेला.

दरम्यान जुन्या हार्ले आणि ‘इंडियन’ कंपनीच्या गाड्यांना दिल्लीकरांनी तिसरे चाक लावले. पुढचा भाग मोटरसायकलचा, मागे चार-सहा माणसांची बैठक, अशी ही फटफटी जुन्या दिल्लीत शेअर टॅक्सी म्हणून धावू लागली. एका स्वारासाठी आखलेल्या पुढच्या चिमट्यावर आता प्रवाशांनी भरलेल्या गाडीची दिशा राखण्याचे काम येऊन पडले. तरीही हे वाहन काही दशके टिकले. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या प्रदूषणविषयक आदेशांनंतर ते रस्त्यावरून गेले.

मागच्या चाकाच्या दणक्याचा प्रश्न रॉयल एनफिल्डच्या बुलेटने वेगळ्या रीतीने सोडवला. 1949 च्या मॉडेलला पुढे टेलिस्कोपिक फोर्क होता आणि मागे बिजागरीवर हलणारा चिमटा व दोन शॉकअप, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र. अशा मागच्या सस्पेन्शनवर तेव्हा अनेकांचा विश्वास नव्हता, म्हणून कंपनीने आधी ते ट्रायल शर्यतींत उतरवून पाहिले होते. 1955 पासून बुलेट मद्रासमध्ये बनू लागली, सैन्य आणि पोलिसांमार्फत उत्तरेत पसरली आणि पुढची कित्येक वर्षे तिच्या मूळ रचनेला फारसा हात लागला नाही. जुन्या बुलेटला नंतरच्या बुलेटचे बरेच सुटे भाग बसत, त्याचे मूळ यात आहे.

दिल्लीच्या आसपास घडलेला खरा मासला मात्र राजदूत. लाहोरमध्ये 1944 साली सुरू झालेली नंदा बंधूंची एस्कॉर्ट्स फाळणीनंतर दिल्लीत आली आणि निर्वासितांसाठी वसवलेल्या फरिदाबादेत तिचे कारखाने उभे राहिले. पोलंडच्या एसएचएल एम-11 या गाडीवरून तिने 1962 च्या सुमारास राजदूत काढली. या गाडीला पुढे नळ्यांचा टेलिस्कोपिक फोर्क नव्हता. चाकाच्या मागे बिजागरी, तिथून पुढे येणारे दोन दांडे, दांड्यांच्या टोकाला चाकाचा आस आणि वर उभे दोन शॉकअप, अशी अर्ल्स पद्धतीची मांडणी होती. इंग्लंडच्या अर्नेस्ट अर्ल्सच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत बीएमडब्ल्यूनेही 1955 ते 1969 या काळात वापरली. तिचे वैशिष्ट्य ब्रेक मारताना कळते. साध्या फोर्कची गाडी नाक खाली घालते. इथे ब्रेकचा पीळ दांड्यांवर येतो आणि पुढचा भाग बुडण्याऐवजी किंचित उचलला जातो. नव्या चालकाला हे विचित्र वाटे. पण दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन टांगून कच्च्या रस्त्याने शहर गाठणाऱ्या दूधवाल्याला अशी न डुलणारी, दणकट गाडीच हवी होती. दोष बिजागरीच्या बुशांत होता. ते झिजले की चाक डावी-उजवीकडे थरथरू लागे, आणि वंगण वेळेवर दिले नाही तर ते लवकरच झिजत. पुढे एक्सेल-टीसारख्या मॉडेलांत टेलिस्कोपिक फोर्क आला. जुनी राजदूत पाहताना आधी पुढचा फोर्क पाहावा: तिचा मूळ स्वभाव तिथे आहे.

1980 च्या दशकात राजधानीभोवतीचा पट्टा सस्पेन्शन बनवणाराही झाला. 1983 मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची राजदूत 350 आणली आणि 1985 मध्ये आरएक्स 100. त्याच वर्षी हरियाणातल्या धारूहेऱ्यात हिरो होंडाची सीडी 100 बनू लागली, आणि तिला फोर्क व शॉकअप पुरवण्यासाठी जपानच्या शोवाबरोबर मुंजाल शोवा ही कंपनी गुडगावात निघाली. महाराष्ट्रात हे काम आधीच सुरू होते: गॅब्रिएल इंडिया 1961 पासून मुंबईत शॉक अब्सॉर्बर बनवत होती आणि औरंगाबादची एन्ड्युरन्स नंतर या धंद्यात मोठी झाली. नव्या गाड्यांसाठी बनलेला हा माल सुट्या भागांच्या बाजारातही आला आणि जुन्या गाडीचा मालक दुरुस्तीऐवजी बदलाचा विचार करू लागला.

हा बदल प्रत्यक्षात करून देणारी पेठ म्हणजे दिल्लीतली करोल बाग. 1974 मध्ये लडाख पर्यटकांना खुले झाल्यावर डोंगरात जाणाऱ्या बुलेट इथे तयार होऊ लागल्या. सामान आणि जोडीदारासह खडकाळ घाट चढायचा तर मागचे शॉकअप हीच पहिली तक्रार. जुन्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकाच नळीत असतात; लांब खराब रस्त्यावर तेलाचा फेस होतो आणि गाडी नुसती उसळत राहते. दाबाखाली नायट्रोजन भरलेल्या गॅस शॉकअपमध्ये हा फेस सहसा धरत नाही. दिल्लीच्याच आयशरने 1994 मध्ये एनफिल्ड ताब्यात घेतली. तिच्या 2009 च्या क्लासिकला मागे असेच गॅस शॉकअप होते. ते जुन्या बुलेटला चढवणे सोपे आणि म्हणून लोकप्रिय ठरले, पण लांबी न मोजता चढवले की घोटाळा होतो. शॉकअप लांब असला तर मागचा भाग उचलला जातो, पुढचा फोर्क अधिक उभा होतो, हँडल चपळ पण अस्थिर होते आणि चेनचा ताणही बदलतो. फार कडक स्प्रिंग तर हादरा स्वतः न सोसता जुन्या चासीच्या जोडांवर ढकलते.

चांगला मिस्त्री म्हणून आधी मोजमाप करतो. मालकाला नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसवायचे आणि फोर्क किती खाली बसतो ते पाहायचे. एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश बैठक योग्य धरतात. क्लासिकच्या फोर्कची चाल 130 मिलिमीटर. म्हणजे साधारण 33 ते 43 मिलिमीटर. त्याहून जास्त बसला तर स्प्रिंग थकली आहे. मागे शॉकअपच्या तळाची खाचेची कडी फिरवून स्प्रिंगचा ताण वाढवता येतो. त्याने बैठक सुधारते, स्प्रिंग कडक होत नाही, हा फरक बरेच मालक विसरतात. मग फोर्कचे तेल. जाड तेलाने फोर्क सावकाश चालतो. दिल्लीत जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि मे-जूनमध्ये पंचेचाळीसपर्यंत चढतो, त्यामुळे थंडीत ठीक वाटलेले तेल उन्हाळ्यात पातळ पडते. दोन्ही नळ्यांत तेल सारखे भरणे, सील बदलणे, नळ्यांवर ओरखडे असतील तर त्या घासून पुन्हा क्रोम करून घेणे, एवढ्या कामानेच निम्म्या तक्रारी मिटतात. नवे शॉकअप विकण्याची घाई असलेल्या दुकानात हे सहसा सांगत नाहीत.

गेल्या दशकात या कामावर कायद्याची सावली पडली. राष्ट्रीय हरित लवादाने 2014 मध्ये पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यांवर मनाई केली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रासाठी पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांची बंदी कायम ठेवली. जानेवारी 2019 मध्ये त्याच न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल नोंदता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, पण अट घातली की गाडी मूळ रूपात असावी. त्या अटीत चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या मोठ्या फेरफाराचा उल्लेख आहे, शॉकअपचा नाही. तरी 1960 च्या दशकातली राजदूत जपणारा मालक आता अर्ल्स फोर्क काढून टाकत नाही. बाहेरचे दांडे आणि शॉकअपची टोपणे तशीच ठेवून आतली स्प्रिंग, तेल, सील आणि बुश बदलून घेतो. काढलेला प्रत्येक मूळ भाग, गंजलेला असला तरी, जपून ठेवतो.