गढूळ हवेचे माप

हवेत तरंगणाऱ्या धूळ, धूर, मीठ इत्यादींच्या सूक्ष्मकणांना आज एरोसोल म्हणतात आणि त्यांच्यामुळे सूर्यप्रकाश किती घटतो, म्हणजेच त्याचे क्षीणन किती होते, हे मोजणे हा हवामानशास्त्राचा एक स्वतंत्र विषय झाला आहे. परंतु या मापनाचा पाया घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या धुळीचे कौतुक नव्हते, उलट चंद्रसूर्याच्या खऱ्या तेजाचा हिशेब बिघडवणारी ती एक ब्याद होती.

फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर ल क्रोआझिक येथे नौकानयनशास्त्र शिकवणाऱ्या पिएर बुगे याने २३ नोव्हेंबर १७२५ रोजी चंद्राचा उजेड चार मेणबत्त्यांशी ताडून पाहिला. चंद्र क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर असताना मेणबत्त्या ५० फुटांवर नेल्यावर दोन्ही उजेड सारखे दिसले, तर तो सुमारे ६६ अंशांवर असताना त्याच मेणबत्त्या ४१ फुटांवर आणाव्या लागल्या. आणि उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असल्याने, हवेच्या जाड थरातून तिरपा येणारा खालचा चंद्र वरच्या चंद्राच्या सुमारे दोन तृतीयांशच उजेड देत होता, असे निघाले. उजेड किती आहे हे डोळा सांगू शकत नाही, दोन उजेड सारखे आहेत की नाहीत एवढेच सांगू शकतो, हे बुगेने ओळखले होते आणि त्याच्या पद्धतीचे सारे बळ यातच होते. हवेचा प्रत्येक सारखा थर प्रकाशाची सारखी रक्कम नव्हे, तर सारखा हिस्सा गिळतो, हा नियम त्याने १७२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पुढे तो लाम्बर्ट आणि बेअर यांच्या नावांनी रूढ झाला, हा बुगेवर अन्यायच म्हणावा लागेल.

अमेरिकन खगोलज्ञ सॅम्युएल लँगली याने याच नियमाच्या आधारे, सूर्य चढत वा उतरत असताना घेतलेली मापे आलेखावर मांडून ती रेषा हवेची जाडी शून्य होईपर्यंत मागे नेली, म्हणजे वातावरणाबाहेरचे सूर्यतेज हाती यावे. १८८१ मध्ये तो उपकरणांसह कॅलिफोर्नियातील माउंट व्हिटनीवर गेला, तोही हवेचा अडथळा शक्य तितका टाळण्यासाठीच.

दृष्टी उलटली ती स्वीडनच्या आन्देर्स ऑन्गस्ट्रॉम याच्या १९२९ च्या निबंधात. वायूंच्या रेणूंनी पसरवलेला प्रकाश वजा केल्यावर उरणारी घट त्याने धुळीच्या खात्यावर मांडली आणि तिला दोन अंकांत बसवले: बीटा हा हवेच्या गढूळपणाचे प्रमाण सांगतो, तर आल्फा निळ्या आणि तांबड्या प्रकाशाची घट किती वेगळी आहे यावरून कणांच्या आकाराचा अंदाज देतो. धुराचे बारीक कण निळा प्रकाश अधिक अडवतात म्हणून आल्फा मोठा येतो. वाळवंटी धुळीचे भरड कण सर्व रंगांना जवळजवळ सारखेच अडवतात म्हणून तो शून्याकडे झुकतो.

भारतात या दोन अंकांचा पद्धतशीर अभ्यास पुण्याशी जोडलेला आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून शिवाजीनगरला आले, म्हणून पुणेकर त्या इमारतीला अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तेथील उपकरण विभागात १९४८ मध्ये रुजू झालेल्या अण्णा मणी यांनी, आयात उपकरणांवर विसंबणे थांबावे म्हणून, सुमारे शंभर उपकरणांची रेखाचित्रे प्रमाणित केली आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात सौर प्रारण, म्हणजे सूर्याकडून येणारी ऊर्जा, मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. सूर्याकडे रोखलेल्या नळीच्या तोंडावर पिवळी आणि तांबडी काच आळीपाळीने धरायची आणि प्रत्येक वेळी कमी झालेली उष्णता टिपायची, असे हे काम दिसायला साधे; पण आकाश निरभ्र नसले की सारे व्यर्थ. जमलेल्या मापांवरून मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑन्गस्ट्रॉमच्या अंकांचा भारतीय केंद्रांसाठी केलेला अभ्यास १९६९ मध्ये ‘टेलस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुण्यातच पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत २००४ पासून हेच काम स्वयंचलित सूर्यप्रकाशमापक करतो. त्याच्या जागतिक जाळ्यातील प्रमाण उपकरणे मात्र हवाईतील मौना लोआसारख्या उंच, निर्मळ हवेच्या पर्वतांवर, लँगलीच्याच रेषेने जुळवून घेतली जातात.